उलट्या डोक्याचं तूप

बाईंच्या ऑफिसात बसायला खुर्ची नव्हती. म्हणजे एक होती, पण तिच्यावर कायम जर्नलांचा ढीग, आणि ढिगावर सायकलचं हेल्मेट. त्या उभ्यानेच मेल लिहायच्या, उभ्यानेच डबा खायच्या आणि कुणी भेटायला आलं की "चल, चालता चालता बोलू" म्हणून त्याला बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवरून फिरवून आणायच्या. डीनसुद्धा यातून सुटले नव्हते. एकदा जिन्यात त्यांचा श्वास लागलेला मी स्वतः पाहिलाय, आणि दोन पायऱ्या वर उभ्या राहून बाई त्यांना सांगत होत्या, "बसलं की माणूस घट्ट होतो."

मी मास्टर्स संपवून त्यांच्याकडे रिसर्च असिस्टंटच्या नोकरीसाठी गेलो, तेव्हा माझा इंटरव्ह्यूही जिन्यातच झाला.

"मॅडम, तुमचा पेपर मी..."

"मॅडम कोण? इथे व्हाइस चॅन्सेलरला नावाने हाक मारतात."

"मला नाही जमणार."

"मग बाई म्हण. शाळेत असल्यासारखं तरी वाटेल."

त्या मूळच्या सांगलीच्या. पीएचडीसाठी मेलबर्नला आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्यांचं मराठी त्या वर्षाशीच थांबलं होतं. थर्मामीटरला त्या तापमापक म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात "नो वरीज, मेट." घरी एकट्याच असायच्या. लग्न केलं होतं का, मोडलं होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमत व्हायच्या आत त्या पुढच्या मजल्यावर पोचलेल्या असायच्या.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खांद्यावरच्या लंचबॅगेतून बर्फात ठेवलेली एक बाटली काढली. "हात पुढे कर." माझ्या तळहातावर थंडगार, पाण्यासारखे चार थेंब पडले. "मूठ मिट. वीसपर्यंत मोज. आता उघड."

तळहातावर एक मऊ, काचेसारखी आरपार दिसणारी चकती जमली होती. हात उलटा केला तरी पडेना.

"तूप थंडीत थिजतं," बाई म्हणाल्या. "हे उबेत थिजतं. उलट्या डोक्याचं तूप."

मग पुढचा मजला चढताना त्यांनी मला ते समजावलं. तसं मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते मला समजलं त्या जिन्यातच. "एक लांब साखळी समज. तीन तुकडे जोडलेली. दोन्ही टोकांना पाणी आवडतं. मधल्याला तेवढं नाही. थंडीत तोही पाण्यात मिसळून घेतो, कुरकुर न करता. पण ऊब लागली की त्याला पाणी नको होतं. मग साऱ्या साखळ्यांचे मधले तुकडे एकमेकांना धरून आत लपतात आणि टोकं बाहेर ठेवतात. त्यांचे बारीक बारीक गोळे होतात. गोळे इतके झाले की एकमेकांना खेटले, हलायला जागा उरली नाही, की झालं जेल. कुणी ढवळावं लागत नाही, कुणी सांगावं लागत नाही. आपलं आपण."

"आणि परत थंड केलं की?"

"परत पाणी. मनात काही ठेवत नाही ते."

हे पॉलिमर, म्हणजे अशा साखळ्या, काही बाईंनी शोधून काढलेले नव्हते. औषधांत ते कितीतरी वर्षं वापरात आहेत. डोळ्यात थेंब टाकला की वाहून न जाता तिथेच बसावा, किंवा औषध एका जागी राहून हळूहळू सुटावं, अशा कामांना. बाईंना ते जेल भाजलेल्या मुलांसाठी हवं होतं. फार पूर्वी एका प्रोजेक्टसाठी त्या हॉस्पिटलात मुलांच्या बर्न्स वॉर्डला गेल्या होत्या. तिथे जखमेवरची पट्टी बदलायची वेळ होती. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की पट्टी सोलून निघताना एक आवाज होतो, आणि मग मुलाचा आवाज होतो, आणि त्या तिथून निघाल्या त्या ट्रॅम न घेता युनिपर्यंत, म्हणजे युनिव्हर्सिटीपर्यंत, चालत आल्या. त्यांना असं काहीतरी हवं होतं की जे जखमेवर थंड पाण्यासारखं ओतता येईल, अंगाच्या उबेने जागच्या जागी जमेल, आत औषध धरून ठेवेल, आणि काढायच्या वेळी सोलावं लागणार नाही. थंड पाणी सोडलं की वाहून जाईल. आवाज न करता.

या एका गोष्टीपायी त्या कुठे स्वस्थ राहत नसत. ट्रेनमध्ये तिकीट तपासायला आलेल्या माणसाच्या तळहातावर त्यांनी थेंब टाकले होते. तो मूठ मिटून वीसपर्यंत मोजत उभा राहिला आणि त्याचं स्टेशन निघून गेलं. जमलेलं जेल मोजायची आमची पद्धत अगदी साधी होती: बाटली पाण्यात ठेवून अर्ध्या अर्ध्या डिग्रीने तापवायची, दर वेळी उलटी करायची आणि बघायचं, ओघळतं का. ज्या तापमानाला ओघळायचं थांबलं, तो आकडा वहीत. ती सवय बाईंच्या हाताला इतकी लागली होती की त्या मधाची बाटली, शॅम्पू, सॉस, दिसेल ते उलटं करून बघायच्या. मी राहायचो त्या क्रेगीबर्नच्या इंडियन दुकानात मला त्या एकदा भेटल्या तेव्हा दह्याचे डबे एकेक करून उलटे धरत होत्या. दुकानदार काउंटरवरून कळवळून म्हणाला, "मॅडमजी, दही है, एक्सपेरिमेंट नहीं है."

"दोनों है," बाई म्हणाल्या, आणि दोन डबे घेतले.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे युनि बंद झाली. बाईंना दमा होता, त्यामुळे त्यांना कॅम्पसवर यायला साफ मनाई झाली. मला मात्र परमिट मिळालं, कारण आमचा एक अभ्यास नुकताच सुरू झाला होता आणि तो थांबवला तर सगळंच पाण्यात जाणार होतं. जेलच्या बाटल्या सहा महिने ठरावीक तापमानात ठेवायच्या आणि ठरलेल्या तारखांना काढून मोजायच्या; प्रत्येक तारखेचं वेगळं खोकं, खोक्यात तीन बाटल्या. ते तेवढे दिवस टिकतं, बदलत नाही, हे दाखवता आलं की एक कंपनी पुढच्या टप्प्याला, म्हणजे माणसांवरच्या चाचणीला, हो म्हणणार होती. युनिमध्ये तोवर माणसं कमी करायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. कंपनीचा होकार आला तर बाईंची लॅब वाचणार, नाही तर नाही, हे दोघांनाही माहीत होतं. माझी नोकरी आणि त्या नोकरीवर उभा असलेला माझा व्हिसा त्याच बाटल्यांत होता.

मी क्रेगीबर्नहून रिकाम्या ट्रेनने जायचो. अख्ख्या मजल्यावर एकटा. फोन एका स्टँडला अडकवलेला आणि त्यात बाई. त्या त्यांच्या बॅकयार्डात फेऱ्या घालत असायच्या, त्यामुळे स्क्रीनवर मला कधी त्यांची हनुवटी दिसायची, कधी कुंपण, कधी आभाळ. "उलटी कर. हळू. ओघळलं? किती? अजून अर्धी डिग्री. अरे, घाई कुठली आहे तुला, बाहेर सगळं बंद आहे!" आणि घाई खरी त्यांनाच असायची. त्यांना एवढ्याशा यार्डात कोंडून ठेवणं म्हणजे काय होतं, ते त्या हलणाऱ्या चित्रावरून कळायचं. ऑगस्टमध्ये घरापासून पाच किलोमीटर आणि दिवसाला एक तास, असा नियम आला, तेव्हा त्यांनी नकाशावर घराभोवती गोल काढला आणि आठवड्याभरात त्यातला प्रत्येक रस्ता चालून संपवला. मग त्याच गल्ल्या उलट बाजूने.

सप्टेंबरात सहा महिन्यांची तारीख आली. सगळ्यात महत्त्वाची. त्या सकाळी मी बूट घालत होतो आणि फोन वाजला. नाशिकला तेव्हा पहाट होती. आई बोलत होती, पण आवाज तिचा वाटत नव्हता. बाबांना चार दिवसांपूर्वी ॲडमिट केलं होतं, ऑक्सिजनवर होते, पण काल बरे आहेत म्हणाले होते. ते गेले होते.

मी एका पायात बूट घालून दारातच बसून राहिलो. भारतात जायला कुणी अडवलं नसतं. पण ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डर बंद होत्या; माझ्या तात्पुरत्या व्हिसावर गेलो असतो तर परत येता आलं नसतं. आईच म्हणाली, "तू तिथेच थांब. इथे येऊनही कुणाला जवळ जाऊ देत नाहीयेत." दुपारी चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला. पांढरे सूट घातलेली चार माणसं, आणि फोन सारखा हलत होता. दोन मिनिटांत नेटवर्क गेलं.

बाईंना मी मेसेज केला, नेट डाउन आहे, व्हिडिओ जमणार नाही, मी मोजून आकडे पाठवतो.

हे मी का केलं, याचा विचार मी बराच केलाय. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जा म्हटलं असतं. दोन दिवस पुढे-मागे चालायचे. पण सांगायचं म्हणजे ते वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं असतं, आणि ते मी अजून कुणापुढेच म्हटलं नव्हतं. मी चार दिवस घरातून बाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी लॅबमध्ये गेलो. बाटल्यांचं खोकं समोर घेतलं. तापवण्याचं, उलटं करण्याचं काम कित्येक तासांचं होतं. मी खोकं उघडलंच नाही. वही काढली, तारीख पाच दिवसांपूर्वीची टाकली, मागच्या महिन्यांचे आकडे बघून तीन बाटल्यांसमोर तीन आकडे लिहिले, किंचित इकडेतिकडे करून, खरे वाटतील असे. आकडे बाईंना पाठवले. सगळ्याला दहा मिनिटं लागली. परतीच्या ट्रेनमध्ये मला काहीच वाटलं नाही. ते नंतर वाटलं.

आठवडाभराने बाईंचा फोन आला. मागे वारा होता आणि पावलांचा आवाज.

"आकडे छान आलेत. कंपनीला पाठवायचं बघतेय. तिसऱ्या बाटलीचा किती म्हणालास?"

"साडेसव्वीस."

"तिसरीचा?"

"हो बाई."

"त्या खोक्यात दोनच बाटल्या आहेत रे. तिसरी मार्चमध्ये भरताना माझ्या हातून फुटली. झाकणाच्या आत लिहिलंय तसं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या दहाला रॉक्सबर्ग पार्कला ये," त्या म्हणाल्या. "तळ्यापाशी. तुझ्या पाचात बसतं, माझ्याही बसतं, मी बघितलंय." आणि फोन ठेवला.

मी रात्रभर... नाही, झोप लागली नाही एवढंच सांगतो. सकाळी गेलो तर त्या आधीच येऊन तळ्याभोवती फिरत होत्या. मास्क, त्यावर चष्म्याला वाफ, गळ्याला मफलर. माझ्याकडे बघून त्यांनी हाताने खूण केली, चल. आम्ही दीड मीटर अंतर ठेवून चालायला लागलो. अर्धी फेरी झाल्यावर त्यांनी विचारलं.

"खोकं उघडलं होतंस?"

"नाही."

"त्या दिवशी कुठे होतास?"

मी सांगितलं. दोन शब्द होते. बाबा गेले. पहिल्यांदाच ते मोठ्याने म्हटले आणि म्हणता म्हणता मास्कच्या आत सगळं ओलं झालं. मला वाटलं त्या थांबतील, सॉरी म्हणतील, मग मला घरी पाठवतील. बाई थांबल्या नाहीत. त्यांचा वेग वाढला, इतका की मला जवळजवळ पळत त्यांना गाठावं लागलं, आणि त्या पुढे बघत विचारू लागल्या.

"काय करायचे?"

"पोस्टात होते. सॉर्टर. रिटायर झालेले."

"सॉर्टर म्हणजे काय करायचे नेमकं? नीट सांग."

मी सांगितलं, की बाबांना अख्ख्या जिल्ह्याचे पिनकोड पाठ होते. पत्ता अर्धवट असला तरी ते गावाच्या नावावरून पत्र बरोबर लावायचे.

"एकसारख्या नावाची दोन गावं असली तर?"

"मग अक्षर बघायचे. म्हणायचे, या बाजूची माणसं 'ळ' असा काढतात."

"खरं की काय!" बाई म्हणाल्या. "पुढे?"

त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो. सकाळी किती वाजता उठायचे. चहात साखर किती. रागावले की काय करायचे. मला शेवटचं काय म्हणाले. मी म्हणालो, "जेवलास का, एवढंच." त्या म्हणाल्या, "आणि तू जेवला होतास?" मी म्हणालो, "नाही, पण हो म्हटलं." एखादी नवी वस्तू हातात आली की तिचं वजन, रंग, वास सगळं टिपून घ्यावं तसं त्यांनी माझ्या वडिलांना टिपून घेतलं. रडत, धापा टाकत, एका अनोळखी तळ्याभोवती सात की आठ फेऱ्या मी त्यांना माझे बाबा सांगितले. घरी कुणी विचारलं नव्हतं. तिथे सगळे रडत होते, आणि सगळ्यांनाच ते माहीत होते.

तास संपत आला तेव्हा त्या तळ्याच्या कठड्याशी आल्या.

"आज जा आणि त्या दोन बाटल्या मोज. आजचीच तारीख लिही. मागचे तीन आकडे आडव्या रेघेने खोड. खोडून खालचं दिसलं पाहिजे, आणि पुढे लिही, मोजलेले नाहीत. मी कंपनीला मेल लिहिते."

"बाई, त्या दोन बाटल्या खरंच साडेसव्वीसच्या आसपासच निघतील."

"निघतील."

"मग कुणाचं काय बिघडलं?"

त्यांनी चष्मा काढून मफलरला पुसला. "हे उद्या भाजलेल्या पोराच्या अंगावर ओतायचंय," त्या म्हणाल्या. "निघतील, म्हणून नाही ओतता येत."

"आणि लॅब?"

"जाईल बहुतेक." त्यांनी चष्मा परत लावला. "तू मला त्या दिवशी फोन का नाही केलास, तेवढंच मला कळत नाही. मी यार्डातच फिरत होते. दुसरं काय करत होते?"

त्या दुपारी मी दोन बाटल्या मोजल्या. दोन्ही जवळपास तशाच निघाल्या, मला आधी वाटलं होतं तशाच. त्याने काही फरक पडला नाही. बाईंनी कंपनीला लिहिलेल्या मेलची प्रत मला पाठवली होती. त्यात होतं, की आमच्या लॅबमध्ये न मोजलेले आकडे नोंदले गेले आणि त्याची जबाबदारी लॅबप्रमुख म्हणून त्यांची स्वतःची आहे. माझं नाव कुठेच नव्हतं. कंपनीने सभ्य भाषेत आभार मानले आणि माघार घेतली. वर्षअखेरीस युनिने ज्या लॅब बंद केल्या त्यांत बाईंचीही होती. बंद झाली नसती असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. दुसऱ्याही बंद झाल्या, ज्यांनी कुणाला कसलाही मेल लिहिला नव्हता. पण मी ते कधी स्वतःला समजावून सांगू शकलो नाही.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला एक उघडं पाकीट दिलं. नोकरीसाठी शिफारसपत्र. "वाच. आवडलं नाही तर कुणाला देऊ नकोस. पण दुसरं लिहून देणार नाही."

पहिल्या दोन परिच्छेदांत माझ्या कामाचं असं कौतुक होतं की मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. तिसऱ्यात लिहिलं होतं: वडील गेले त्या आठवड्यात याने न मोजलेले तीन आकडे वहीत लिहिले. विचारल्यावर एका वाक्यात कबूल केलं, त्याच दिवशी स्वतःच्या हाताने खोडले. मी याला पुन्हा नोकरी दिली असती.

मला राग आला. मेलमध्ये नाव लपवलं आणि इथे, जिथे माझं पोट अडकलंय, तिथे लिहून ठेवलं! मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. त्याशिवाय सहा-सात अर्ज केले. जागा कमी होत्या, आणि शेवटच्या बॉसचं पत्र का नाही, हे सगळीकडे विचारत होते. शेवटी ते जोडायला लागलो. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसरी कंपनी डोळ्यांची औषधं बनवायची, तिथे झूमवर इंटरव्ह्यू झाला. क्वालिटी विभागाची मॅनेजर, पन्नाशीची ऑस्ट्रेलियन बाई. तिने पत्र माझ्यासमोरच पुन्हा एकदा वाचलं.

"हे असं कोण लिहितं रेफरन्समध्ये?"

"माझ्या बाई लिहितात," मी म्हणालो.

ती हसली नाही. "त्यांनी लिहिलं नसतं, तर तू मला सांगितलं असतंस?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं, इंग्रजीत घोटून ठेवलेलं. ते तोंडापर्यंत आलं.

"नाही," मी म्हणालो.

तिने काहीतरी लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी मी तिथे रुजू झालो.

राज्यांच्या बॉर्डर उघडल्यावर बाईंनी घर भाड्याने दिलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि त्या उत्तरेला निघून गेल्या. मधूनमधून फोटो येतात: लाल माती, एखादी नदी, कधी कुठल्या पेट्रोल पंपावरची कॉफी. खाली कधी एक ओळ, कधी तीही नाही. मी फोन केला की उचलतात, नीट बोलतात, आणि जेलचं नाव काढत नाहीत.

पत्र अजून माझ्या कंपनीच्या फायलीत आहे. आत्तापर्यंत माझे तीन मॅनेजर बदलले. प्रत्येकाने फाइल चाळताना तिसरा परिच्छेद वाचून मला एकदा आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, हे काय आहे. आणि प्रत्येक वेळी मला बाबांपासून सुरुवात करावी लागली.